फक्त उणीव लिहावी

सोमवार, ३ नोव्हेंबर

भोपाळला पोचले. स्टेशनाबाहेर उभ्या उभ्या पोहे-जलेबी खाल्ली आणि गिरीशना फोन केला. पोह्यांवर शेव होती का, एवढंच विचारलं त्यांनी. होती, म्हटलं. मग तिकडेच राहा, म्हणाले. पस्तीस वर्षांच्या संसाराची माया ही अशी.

रिक्षाने अवधपुरीत आले. मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या लोकांची वस्ती. गच्चीगच्चीवर उन्हात टाकलेल्या रजया, दारात झाकलेल्या गाड्या. शेवटच्या गल्लीत 'निवांत सदन', पिवळ्या रंगाचं बैठं घर. उंच भिंत, आत गुलाब, मागे पेरूचं झाड, दारावर पाटी आणि पाटीवर तीन तारे. शेजारी आणखी दोन ताऱ्यांना पुरेल एवढी जागा कोरी सोडली आहे. ही जिद्द मला आवडली.

व्यवस्थापक रत्नप्रभाताई मूळच्या इंदूरच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीत. सकाळपासून आपलीच वाट बघून राहिले, म्हणाल्या. त्यांचे यजमान गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात माल तपासायचे. मापात न बसणारा भाग घासायचा, घासूनही नाही बसला तर भंगारात टाकायचा, हे त्यांचं ब्रीद. यजमान गेले, ब्रीद ताईंनी सांभाळलं आहे. चहासोबत हे सगळं ऐकून झालं.

आमच्या संस्थेचं काम म्हणजे वृद्धाश्रमांना तारे देणं. तपासनिसाने आश्रमातच राहायचं, तिथलंच जेवायचं, आणि दिसलेल्या उणिवा रोज संध्याकाळी चिठ्ठीवर लिहून व्यवस्थापकाच्या हातात द्यायच्या. उणीव दूर केली की गुण. मात्र उपाय सुचवायचा नाही. फक्त उणीव लिहावी, असा नियमच आहे, कारण सुचवलेला उपाय फसला तर खापर संस्थेवर फुटतं. मला हा नियम फार पसंत आहे. दुसऱ्याच्या घरात बोट दाखवायचं आणि झाडूला हात लावायचा नाही. सासूबाई असत्या तर त्यांना हेवा वाटला असता.

मोबाइल तपासणी संपेपर्यंत ताईंच्या कपाटात. हाही आमचाच नियम. मागे कुणीतरी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवले होते.

पुण्यात रुग्णालयात मेट्रन म्हणून निवृत्त झाले, आणि साठाव्या वर्षी पुन्हा नवी नोकरी. एकटीने केलेली ही पहिली तपासणी. नीट पार पाडायची आहे. आजचा शेरा एकच: फाटक दिवसभर उघडं असतं, विसराळू माणूस सहज बाहेर जाऊ शकेल. ताईंनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फाटकाला कुलूप लागेल असं वाटलं होतं. यांनी फाटक वेल्डिंग करून कायमचं बंद केलं! दोन्ही पल्ले एकमेकांना जोडलेले, जोड अजून गरम. हे जितेंद्रचं काम. जितेंद्र म्हणजे इथला मदतनीस, दारात उभा राहिला की खोलीत अंधार होतो एवढा मोठा, आणि तितकाच नम्र. पूर्वी गोविंदपुऱ्यात वेल्डर होता. आता येणंजाणं लागूनच असलेल्या ताईंच्या घरातून, आणि त्या दाराची किल्ली ताईंच्या कमरेला. मला हसू आलं. पण उपाय सुचवायचा नाही म्हटलं की उपायाला नावंही ठेवता येत नाहीत.

आज सगळ्यांना भेटले. तुळशीनगरच्या सरकारी क्वार्टरात आयुष्य काढलेले भालचंद्रजी निवृत्त कारकून. 'निरीक्षण' हा शब्द ऐकताच ताठ बसतात. अनुराधा मौसी दिवसभर मुलीला हाका मारत असतात: बिटिया, ओ बिटिया. मुलगी कधीच येत नाही.

आणि नीळकंठराव. ग्वाल्हेरचे चित्रकला शिक्षक. पांढरं शुभ्र धोतर, नखं कापलेली, उशीखाली टोक काढलेल्या पेन्सिली. मी मराठीत बोलले तर त्यांचे डोळेच भरून आले. इथले सगळे हिंदीवाले, आणि ताई मराठीत फक्त हुकूम देतात, म्हणाले. तासभर गप्पा झाल्या. मला वडिलांची आठवण आली. वडीलसुद्धा असेच, बोलताना हवेत बोटाने रेघा मारायचे.

निघताना त्यांनी माझा हात धरला. लिहायचंच तर चांगलं लिहा बाई, म्हणाले, उणीव नका लिहू, एकसुद्धा नका लिहू. मी हसून मान हलवली. प्रशिक्षणात हे शिकवलेलंच आहे: आश्रमाची तारीफ करणारा म्हातारा पढवलेला असतो. एवढ्या गोड माणसालाही पढवलं म्हणून ताईंचा थोडा रागच आला.

शेरे दोन. बहुतेकांची नखं वाढलेली आणि मळकट. नीळकंठरावांशी मराठीत बोलायला कुणी नाही. ताईंनी दुसरा दोनदा वाचला. याला थोडा वेळ लागेल, म्हणाल्या, पण कमी राहू देणार नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी नीळकंठराव सोडून सगळ्यांच्या बोटांना पांढऱ्या पट्ट्या. ताई म्हणाल्या, नखांना हळदीचा लेप लावलाय. आजीबाईंच्या बटव्यातल्या औषधांवर माझा विश्वास नाही, पण वाईटही काही नाही, म्हणून पुढे गेले. भालचंद्रजींनी मला बघून हात पाठीमागे लपवले. लाजले असतील.

दुपारभर मौसींचा धोशा. बिटिया, ओ बिटिया. शेजारच्या खोलीतल्या दोन बायका कानात बोळे घालून बसल्या होत्या. शिवाय बाथरूमकडे जाताना तीन आजोबांचे तोल गेलेले मी स्वतः पाहिले, एकाला तर सावरलं. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा उठत नाही, हे मी नोकरीत शंभरदा पाहिलंय.

शेरे: एका रहिवाशाच्या ओरडण्याचा इतरांना त्रास. तीन रहिवाशांना चालताना पडण्याचा धोका.

चिठ्ठी द्यायला निघाले तर नीळकंठराव दारात आडवे. काठी चौकटीला लावून वाट अडवलेली. नुसते नाही नाही अशी मान हलवत राहिले. म्हाताऱ्यांचा हट्ट लहान मुलांसारखाच असतो. मी काठी हळूच बाजूला केली आणि गेले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी जाग आली ती शांततेने. मौसींची हाक नाही. मला बरं वाटलं. पुढचं सगळं पाहण्याआधी मला बरं वाटलं होतं.

मौसी पलंगावर बसलेल्या, तोंडावर पदर. चहा पाजावा म्हणून पदर काढला. ओठ शिवलेले होते. गादी शिवायच्या जाड दोऱ्याने, दाभणाने, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एकसारखे टाके. हनुवटीवर रक्त वाळलेलं, नाकातून श्वास घरघरत होता. मला बघून त्यांनी हात जोडले.

मी धावत भालचंद्रजींकडे गेले, पट्ट्या सोडल्या. एकाही बोटाला नख नाही. मुळापासून उपटलेलं. टोकाला नुसतं लाल मांस आणि त्यावर हळद.

खलबत्त्याचा आवाज पहाटेपासून येत होता. मसाला कुटतायत असं मी धरून चालले होते. स्वयंपाकघरात गेले. फरशीवर पाट, पाटावर त्या तिघांपैकी एका आजोबांचा पाय, आणि जितेंद्र लोखंडी बत्त्याने त्यांचा गुडघा फोडत होता. रागाने नाही. चटणी वाटावी तसा, अंदाज घेत घेत. आजोबांच्या तोंडात टॉवेल कोंबलेला. आधीचे दोघे भिंतीला टेकून, पाय भलत्याच दिशेला वळलेले, हाड कातडीतून बाहेर. मी जितेंद्रच्या अंगावर गेले, हाताला चावले, रक्त निघालं. त्याने मला उचलून बाजूला ठेवलं, खुर्ची ठेवावी तसं. बस एकच राहिलाय दीदी, म्हणाला.

रत्नप्रभाताईंना माझा संताप कळेचना. खरोखर दुखावल्या होत्या. "आपणच तर लिहिलं ना, पडण्याचा धोका म्हणून? आता कोणी चालणारच नाही तर पडणार कसं? आणि नखं कापली असती तर परत वाढली असती, परत शेरा आला असता. मी जड से काम केलं."

फोन मागितला. तपासणी संपल्यावर, आपलाच नियम आहे, म्हणाल्या. फाटकाशी जाऊन ओरडले, हात सोलेस्तोवर पत्रा बडवला. बाहेरून स्कूटर गेली, भाजीवाला गेला. इथल्या ओरडण्याची गल्लीला सवय आहे. पोलीस, पोलीस म्हणून घसा बसला तेव्हा लक्षात आलं की फाटक माझ्याच चिठ्ठीने बंद झालंय.

संध्याकाळी ताई चिठ्ठीसाठी आल्या. पेन पुढे केलं. या लोकांना रुग्णालयात न्या, आत्ता न्या, हेच डोक्यात होतं. लिहिलं: निवासात गंभीर जखमी रहिवासी आहेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रुग्णालयात न्या, हे मी लिहिलं नाही. डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. उपाय लिहायचा नाही. हाताला वळण पडलं होतं. नुसती उणीव लिहिली आणि सही केली.

आता निवासात जखमी कुणी नाही.

सकाळी उजेडात झालं सगळं, पेरूच्या झाडाखाली. मला खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं होतं. जितेंद्र एकेकाला आणत होता. ज्यांचे पाय गेले होते त्यांना उचलून, बाकीचे आपल्या पायांनी. डोक्यात बत्ता, एकच घाव, कधी दोन. मौसींना ओरडता आलं नाही, टाके ताणले आणि ओठ फाटले. भालचंद्रजी सरकारी माणूस. खुर्चीवर बसून आपली पाळी येण्याची वाट बघत होते, चष्मा काढून खिशात ठेवला होता. ताई प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

आता पलंग झटकलेले, चादरी ताणलेल्या. फरशीला फिनेलचा वास.

एकटे नीळकंठराव वाचले. नखं कापलेली, आवाज हळू, काठीने नीट चालतात. त्यांच्यात काढायला उणीव नव्हती. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी सांगितलं की हे दर तपासणीला होतं, या वेळेइतकं कधी झालं नव्हतं. दर वेळी येणाऱ्याला ते सांगू पाहतात, ताईंच्या कानावर जाईल म्हणून आडून आडून. येणारा हसतो आणि मान हलवतो. ते माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत. तेच सहन होत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ताईंनी कोरी चिठ्ठी परत केली. कोरी म्हणजे तपासणी झालीच नाही, तारा मिळणार नाही. 'फाटक उघडा' लिहून दिलं. तेही परत. हा तर उपाय झाला, म्हणाल्या, आपण उपाय लिहीत नाही. कपाटात माझा फोन वाजत होता. ताईंनी माझ्या नावाने गिरीशना कळवलंय, काम वाढलं, काळजी नको.

माझं पेन संपलं. नीळकंठरावांनी त्यांची पेन्सिल दिली. मऊ शिसं, बोटं काळी होतात.

दोघांनी बसून विचार केला. माणसाचं नाव नाही, माणसाचं अंग नाही, अशी उणीव हवी. छताची, भिंतीची, दाराची. सुचवलं त्यांनी, लिहिलं मी: निवासातून बाहेर पडायला वाट नाही.

ताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग मान डोलावली. बात बरोबर आहे, म्हणाल्या, ही तर मोठी कमी राहून गेली.

नीळकंठराव हसले. इथून सुटलं की मला ग्वाल्हेरला नेशील का, म्हणाले. अरेतुरेवर आले पहिल्यांदा. नेईन म्हटलं. पुण्यालाच नेईन, आमच्या घरी. गिरीशना पत्त्यांचा डाव मांडायला कुणीतरी हवंच आहे. देवा, एवढं एक होऊ दे.

रविवार, ९ नोव्हेंबर

जितेंद्र अंगणात आलाय. हत्यारांची पिशवी आहे. फाटकाकडे चाललाय. नीळकंठरावांनी धोतर बदललं, पेन्सिली खिशात घेतल्या. आम्ही दोघं खिडकीशी.

फाटकाशी थांबला. जोडावरून हात फिरवला. कापणार —

नाही. पिशवी उचलली. वळला. इकडेच —

पिशवीत बत्ता —

दाराला पलंग लावते. नीळकंठराव काठी घेऊन उभे —

—

वार माहीत नाही.

पेन्सिलीने लिहितेय. अक्षर वाकडं येतं.

आधी त्यांचे पाय, मग माझे. दोन्ही गुडघे. मी ओरडू नये म्हणून ते स्वतःचं दुखणं गिळून माझ्याशी बोलत राहिले. ग्वाल्हेरचा किल्ला, शाळा, पहिली रंगपेटी. मी टॉवेल चावत ऐकत राहिले. ओरडले तर दाभण.

ताईंनी येऊन समजावलं. बाहेर पडायचं मन असणारे दोघंच उरले होते. आता कुणी बाहेर पडणारच नाही, मग वाट कशाला. आणि नीळकंठरावांचा शेराही पूर्ण झाला. आता मराठी बोलणारं माणूस कायमचं शेजारी. एका कामात दोन कमी निघून गेल्या, म्हणाल्या. खूश होत्या. माझे केस विंचरून दिले.

संस्थेला माझा राजीनामा गेलाय, गिरीशना रोज खुशालीचा निरोप. माझ्याच फोनवरून.

वार माहीत नाही.

नवे लोक आलेत, सगळे पलंग भरले. पाटीवर चौथा तारा, जितेंद्रने सांगितलं. पाचवा बाकी. तपासणी पुन्हा आहे.

पायांना वास येतोय. नीळकंठराव आता कमी बोलतात. ताप आहे. मी बोलत राहते. त्यांनी माझा हात —

वार माहीत नाही

नवी तपासनीस आलीय. सई नाव, नागपूरची. कोवळी पोर. स्टेशनावर पोहे-जलेबी खाल्ली म्हणून सांगत होती ताईंना. हसत होती.

पायांवर पांघरुणं घातली आमच्या. उदबत्ती लावली. ताईंनी दारातच तिला सांगून ठेवलं — या आजींना आपण तपासनीस आहोत असं वाटतं, वयाने होतं असं. सईने चुकचुक केलं.

आजी, म्हणाली मला. जवळ बसली.

मी काय काय सांगणार होते. तोंडातून एवढंच आलं — चांगलं लिही बाळ, उणीव नको लिहूस, एकसुद्धा नको —

हसली. मान हलवली. माझंच हसू. माझीच मान.

पांघरूण ओढायला गेले, हात धरला जितेंद्रने. प्रेमाने. आजी, पडाल.

ती माझ्या हातांकडे बघत होती. बोटं काळी, शिशाने काळी. नाक थोडं मुरडलं. चिठ्ठी काढली. लिहिलं.

काय लिहिलं ते मला माहीत आहे —

नीळकंठराव उठत नाहीत. हाका मारल्या, हळू. उठत नाहीत.

सई ताईंकडे जेवतेय. हसण्याचा आवाज येतोय. नखं लिहिली असती तर नखंच गेली असती — पण तिने नखं नाही लिहिली, तिने हात —

स्वयंपाकघरातून आवाज. बत्ता नाही. विळी धुतायत. पाणी —

ही वही उशीखाली, पेन्सिलींपाशी. सई, चादर बदलायला आलीस तर — लिहू नकोस — कुणाचंही काहीही —

जितेंद्र दारात. खोलीत अंधार. दीदी, हात द्या, म्हणतोय. उजवा आधी —